ध्रुव क्षितिजाला टेकलेला असताना: कमी अक्षांशावर विषुववृत्तीय माउंट कसा लावायचा

विषुववृत्तीय माउंटचं, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचं, काम तसं साधं आहे. पृथ्वी पूर्वेकडे जितक्या वेगाने फिरते तितक्याच वेगाने दुर्बीण पश्चिमेकडे फिरवायची, म्हणजे तारा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) जागचा हलत नाही. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, म्हणून आकाश दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं. (१ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला, पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे ३० कला.) हे सगळं एकाच मोटरने साधायचं तर माउंटचा मुख्य अक्ष, म्हणजे ध्रुवाक्ष, पृथ्वीच्या अक्षाला समांतर असायला हवा. तो खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे सगळं आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, रोखला की झालं.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाइतकीच असते. ५० अक्षांशावर तो चांगला वर असतो. १० अक्षांशावर मात्र हात लांब करून मूठ धरली तर मुठीच्या खालच्या कडेला क्षितिज आणि वरच्या कडेला ध्रुव, एवढंच अंतर उरतं. म्हणजे ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा. बाजारातले बहुतेक जर्मन पद्धतीचे माउंट मात्र अक्ष निम्मा उभा, निम्मा आडवा असेल असं धरून बनवलेले असतात. कमी अक्षांशावर जे जे अडतं, ते या एका गोष्टीतून निघतं. आणि जे जे सोपं होतं, तेही यातूनच निघतं. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही.

वजन कुठे जातं ते आधी पाहा

जर्मन माउंटमध्ये ध्रुवाक्षाच्या टोकाला काटकोनात दुसरा अक्ष असतो, डेक्लिनेशनचा, म्हणजे दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणारा. त्याच्या एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला काउंटरवेटचा, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाचा, दांडा. होम पोझिशनमध्ये, म्हणजे दुर्बीण ध्रुवाकडे आणि वजन खाली, हा दांडा उभ्या रेषेशी नेमका तुमच्या अक्षांशाइतका कोन करतो. ४५ अक्षांशावर तो ध्रुवाच्या बाजूला ४५ अंश बाहेर निघालेला असतो आणि ट्रायपॉडपासून लांब राहतो. १० अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली लोंबतो. खाली काय आहे? ट्रायपॉडचा पाय. बऱ्याच माउंटमध्ये ॲझिमथच्या, म्हणजे अक्षाची आडवी दिशा बदलणाऱ्या, स्क्रूंमध्ये अडकणारी खुंटी एका पायाच्या बरोबर वर असते आणि तो पाय ध्रुवाकडे ठेवा असं माहितीपुस्तिका सांगते. तो सल्ला इथे नेमका अंगाशी येतो.

मग पाय उलटा फिरवावा, एक पाय ध्रुवाच्या विरुद्ध बाजूला आणि दोन पाय ध्रुवाच्या बाजूला तिरके, असं कुणालाही सुचेल. खुंटी दुसऱ्या भोकात लावता येत असेल तर हे करता येतं आणि दांडा दोन पायांच्या मधून खाली उतरतो. पण मग दुसरीकडे अडतं. कमी अक्षांशावर पुष्कळ वस्तू माथ्यावरून जातात. माथ्याकडे पाहताना नळी उभी असते आणि तिचं मागचं टोक, कॅमेऱ्यासकट, माउंटच्या शेजारून खाली येतं. डेक्लिनेशनचा अक्ष ट्रायपॉडच्या मध्यापासून समजा १२ सेंमी ध्रुवाकडे पुढे आलेला आहे आणि नळी मध्यापासून २७ सेंमी पूर्वेला आहे. उत्तर गोलार्धात ही जागा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ६६ अंशांवर पडते, आणि नव्याने फिरवलेला पाय ६० अंशांवर उभा! म्हणजे वजन सुटलं आणि शेपूट अडकलं. आखूड नळीला याचा त्रास नाही. लांब अपवर्तक, म्हणजे पुढे भिंग असलेल्या, दुर्बिणीला नक्की होतो.

दोन्ही अडचणींवर खरा इलाज एकच: डोकं वर उचला. ट्रायपॉड आणि माउंटचं डोकं यांच्या मधे २० ते ३० सेंमीचा एक्स्टेंशन खांब बसवला की पाय जिथे बाहेर पसरू लागतात ती जागा खाली जाते आणि वजन, शेपूट दोन्ही मोकळे होतात. याने डोलण्याचं प्रमाण थोडं वाढतं हे खरं, पण पायावर आपटणाऱ्या वजनापेक्षा ते कितीतरी बरं. कायमची जागा असेल तर तीन पायांऐवजी एकच बारीक खांब रोवा. कमी अक्षांशासाठी त्याहून चांगलं काही नाही.

खांब मिळत नसेल तर वजन वर सरकवा. हिशेब तराजूचाच आहे: दुर्बिणीचं वजन गुणिले तिचं ध्रुवाक्षापासूनचं अंतर, आणि तेवढंच पलीकडे. ६ किलोची दुर्बीण ३० सेंमीवर असेल तर १८० हा आकडा जुळवायचा. ५ किलो वजन ३६ सेंमीवर ठेवा किंवा ७.५ किलो २४ सेंमीवर. दुसऱ्या मांडणीत वजन १२ सेंमी वर आलं, तेवढा पाय वाचला. शिवाय जड वजन अक्षाजवळ असलं की सगळा डोलारा कमी हेलकावतो, वाऱ्यातही लवकर स्थिर होतो. फक्त माउंटच्या भारक्षमतेत ते बसतंय ना ते पाहा.

मधली एक फसवी अवस्था नीट समजून घ्या. वजन अगदी खाली असतं ते वस्तू पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाजवळ असताना. विषुववृत्तालगत, खगोलीय विषुववृत्तावरची (दोन्ही ध्रुवांपासून ९० अंशांवरच्या आकाशातल्या वर्तुळावरची) एखादी वस्तू क्षितिजापासून २० अंश वर असेल तर दांडासुद्धा खालच्या उभ्या रेषेपासून २० अंश बाजूला झालेला असतो. त्यामुळे वजन पायाला घासणारं असूनही रात्रीचे कित्येक तास काहीच बिघडत नाही. मग वस्तू माथ्यावरून पलीकडे जाते, माउंट मेरिडियन फ्लिप करायला निघतो, म्हणजे दुर्बीण एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेतो, आणि त्यासाठी दांडा नेमका खालून, पायाच्या जागेतून जातो. टक्कर होते ती तेव्हा. म्हणून दिवसाउजेडी दोन्ही अक्षांचे क्लच (अक्ष घट्ट धरणारे खटके) सैल करून, सगळी साधनं आणि केबली लावून, हाताने पूर्ण फेरी घालून पाहा. वजन आणि पाय यांत कुठेही ३ सेंमीपेक्षा कमी फट दिसली तर तशा मांडणीवर माउंटला एकट्याने फ्लिप करू देऊ नका.

बोल्ट संपतो तेव्हा

ध्रुवाक्षाची उंची दोन बोल्टांनी ठरते. एक मागून ढकलतो, एक पुढून अडवतो. पुष्कळ माउंटमध्ये खालची मर्यादा १० ते २० अंशांच्या दरम्यान कुठेतरी येते. कधी बोल्टचे आटे संपतात, कधी मोटरची पेटी तळाला टेकते. बाजूला कोरलेली अक्षांशाची पट्टी अंदाजापुरतीच धरा. तिच्यात अंशभराची चूक अगदी सहज असते.

बोल्टवरचा भारही इथे जास्त. दुर्बीण, वजनं आणि डेक्लिनेशनचा अक्ष हे सगळं बिजागरीच्या पुढे, आडव्या अक्षाच्या टोकाला लटकलेलं असतं. त्यामुळे मोठा बदल करायचा असेल तर आधी दुर्बीण आणि वजनं उतरवा, एक बोल्ट सैल करा, मगच दुसरा आवळा. दोन्ही आवळलेले असताना जोर लावला की बोल्टचं टोक वाकतं किंवा आटे जातात. बारीक समायोजन करताना शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने ठेवा. अक्ष थोडा जास्त खाली उतरवा आणि मग वर चढवत नेमक्या कोनावर आणा. उतरवत आणून सोडला तर भाराखाली तो हळूहळू बसतो आणि तासाभराने सगळी जुळणी बिघडते.

माउंट १५ अंशांच्या खाली जात नाही आणि तुमचा अक्षांश ८ आहे, असं समजू. उरलेले ७ अंश कुठून आणायचे? ट्रायपॉडचा ध्रुवाकडचा पाय आखूड करायचा, हा झटपट उपाय. पायांच्या टोकांत एकमेकांपासून १ मीटर अंतर असेल तर ७ अंशांसाठी ते टोक सुमारे १०.६ सेंमी खाली यायला हवं. पाय तिरपा असल्यामुळे पायाची आतली नळी त्याहून थोडी जास्त आत सरकवावी लागते. माउंट समतल असायलाच हवा असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. अक्ष ध्रुवाकडे असला की पुरे. पण तोल मात्र हिशेबात घ्या. जमिनीपासून १.२ मीटर उंचीवरचं डोकं ७ अंश कलंडलं की गुरुत्वमध्य जवळपास १५ सेंमी ध्रुवाकडे सरकतो, आणि डोकं मुळातच १२ सेंमी पुढे आलेलं आहे. दोन पाय ध्रुवाच्या बाजूला असतील तर ट्रायपॉडच्या मध्यापासून त्या बाजूची कड फक्त २९ सेंमीवर असते. म्हणजे दोन सेंमी उरले; हात लागला तरी माउंट पुढे जाईल. पाय आखूड करून कलवायचं असेल तर ध्रुवाकडे एकच पाय हवा, आणि तिथे वजन अडतं. या कात्रीतून सुटण्यासाठी पाचर बरी.

पाचर म्हणजे डोकं आणि ट्रायपॉड यांच्या मधे बसणारा तिरका ठोकळा, ॲल्युमिनियमचा किंवा कठीण लाकडाचा. २० सेंमी लांबीच्या तळासाठी ७ अंश म्हणजे जाड कड साधारण २.५ सेंमी जास्त. ही जाड बाजू ध्रुवाच्या विरुद्ध येते. मधला बोल्ट जास्त लांबीचा लागतो. तो पाचरीतून तिरका जातो, म्हणून खालून त्याच कोनाची तिरकी चकती घाला, नाहीतर बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकून ताण घेतं. पाचर नेमकी उत्तर-दक्षिण दिशेत बसली पाहिजे. ती बाजूला कलली तर ॲझिमथचा स्क्रू फिरवताना अक्षाची उंचीही बदलते, आणि मग दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मागे धावत राहतात.

हीच कल्पना डोंगराएवढी करून पाहायची असेल तर उटीची रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. तिचा परावर्तक ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. उटीचा अक्षांश सुमारे ११.४ अंश, आणि दुर्बिणीसाठी उत्तर-दक्षिण उताराची अशी टेकडी निवडली जिचा उतारही जवळपास तेवढाच. उतारावर लांबीच्या दिशेने अक्ष ठेवला की तो आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर! एकाच अक्षाभोवती फिरवून ती एखाद्या स्रोताचा साडेनऊ तास मागोवा घेते. तमिळनाडूतल्या कावलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीणही १२.६ अंशांवर आहे, आणि तिचा ध्रुवाक्ष दोन्ही टोकांना आधार दिलेल्या चौकटीत बसवलेला आहे. आडव्या अक्षाला एकाच टोकाला आधार देऊन पुढे ओझं लटकवण्यापेक्षा दोन्हीकडे टेकवणं केव्हाही भक्कम. घरी माउंट बनवणाऱ्यांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा.

समतोल

समतोलातली चूक ध्रुवाक्षावर किती जाणवते ते अक्षांशाच्या कोसाइनवर ठरतं. ६० अक्षांशावर ती अर्धीच जाणवते; १० वर ९८ टक्के, म्हणजे जवळपास पूर्ण. शिवाय दुसऱ्या अक्षाचा एक सापळा आहे. होम पोझिशनमध्ये डेक्लिनेशनचा अक्ष इथे जवळजवळ उभा असतो. क्लच सैल केला तरी नळी हलत नाही, आणि समतोल साधला असं वाटतं. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षणाला तिथे पकडच मिळत नसते. ध्रुवाक्षाभोवती ९० अंश फिरवून दांडा आडवा करा, एका हाताने नळी धरा आणि मग डेक्लिनेशनचा क्लच सोडा. जे काही असमतोल आहे ते आत्ता दिसेल. हात काढू नका. कॅमेरा लावलेली नळी गपकन खाली येते.

ध्रुवाकडे रोखणं: आधी उंची, मग दिशा

कमी अक्षांशावरची पहिली तक्रार म्हणजे ध्रुवतारा दिसतच नाही. १० अंशांवर त्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत साडेपाचपट जाड हवेतून येतो. धूसर हवा, झाडं, इमारती, दिव्यांची झगमग, काहीही आड येतं. दक्षिणेकडे तर ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टँटिस हा तारा मुळातच साडेपाच प्रतीच्या आसपासचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मंद. क्षितिजाजवळ तो सापडण्याची आशा सोडा.

पण ध्रुवतारा ही एक सोय आहे, गरज नव्हे. उंची गुरुत्वाकर्षणावरून मोजता येते. दुर्बीण आणि वजनं उतरवा, सॅडलमध्ये, म्हणजे दुर्बीण बसते त्या खाचेत, सरळ डव्हटेल पट्टी (दुर्बिणीखाली असते तशी तिरक्या कडांची पट्टी) धरा, ती ध्रुवाक्षाला समांतर करा आणि तिच्यावर डिजिटल कोनमापक ठेवून आकडा टिपा. मग डेक्लिनेशनला हात न लावता ध्रुवाक्षाभोवती १८० अंश फिरवा आणि पट्टीच्या त्याच पृष्ठभागाला, आता खालून, कोनमापक टेकवून पुन्हा टिपा. दोन आकड्यांची सरासरी हा अक्षाचा खरा कोन. पट्टी थोडी तिरकी बसली असेल तर ती चूक या सरासरीत कटून जाते. एवढ्याने उंची दोन-तीन दशांश अंशांच्या आत येते.

दिशा हे खरं काम. ध्रुव क्षितिजाजवळ असल्यामुळे आडव्या दिशेतली प्रत्येक चूक अक्षावर जशीच्या तशी उतरते: ६० अक्षांशावर होकायंत्राची १ अंश चूक अर्धा अंश होते, १० वर ती १ अंशच राहते. आणि होकायंत्र ट्रायपॉडचं पोलाद, वजनं, मोटरी यांच्या सान्निध्यात कुठेही वळतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक वेगळाच.

त्यापेक्षा सूर्याची सावली घ्या, पण दुपारची नको. मध्यान्हीची सावली उत्तर-दक्षिण पडते हे शाळेत शिकलेलं असतं, पण कमी अक्षांशावर सूर्य माथ्याच्या जवळून जातो आणि तेव्हा त्याची दिशा झपाट्याने फिरते. माथ्यापासून तो ५ अंशांवर असेल तर मध्यान्हीच्या एका मिनिटात ती पावणेतीन अंशांहून जास्त बदलते. घड्याळ एक मिनिट चुकलं की सगळं गेलं. सकाळचा सूर्य मात्र इथे जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे त्याची दिशा बदलत नाही म्हटलं तरी चालेल: १० अक्षांशावर, सूर्य २० अंश वर असताना, मिनिटाला ०.१ अंशाहूनही कमी. आडव्या अक्षाची ही पहिली देणगी.

करायचं असं. सूर्योदयानंतर साधारण दीड तासाने सपाट जमिनीवर ओळंबा टांगा. दोरीच्या सावलीवर १ मीटर अंतराने दोन खुणा करा आणि वेळ लिहा. त्या वेळची सूर्याची दिशा कुठल्याही आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये मिळते. समजा ती १०४ अंश आहे, उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेली. मग सावली २८४ अंशांकडे पडलेली आहे, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून १४ अंश उत्तरेला. सावलीवर ओळंब्यापासून १०० सेंमी मोजा आणि तिथून सावलीच्या दिशेने तोंड करून डावीकडे काटकोनात २४.९ सेंमीवर खूण करा (१४ अंशांचा टॅन्जंट ०.२४९). ओळंब्याचा बिंदू आणि ही खूण जोडली की खरी पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. ६०-८०-१०० सेंमीच्या दोरीच्या त्रिकोणाने तिच्यावर लंब काढा. ही झाली उत्तर-दक्षिण रेषा.

आता माउंट तिच्यावर ठेवा. होम पोझिशनमध्ये सॅडलमध्ये साधारण १ मीटरची सरळ पट्टी पकडा, तिच्या दोन्ही टोकांना ओळंबे बांधा आणि दोन्ही ओळंबे रेषेवर येईपर्यंत ॲझिमथचे स्क्रू फिरवा. टोकाला २ मिमीची चूक झाली तरी दिशेत फक्त ०.११ अंशाचा फरक पडतो. हेच ३० सेंमीच्या पट्टीवर केलं तर त्याच २ मिमीने ०.४ अंश जातो, म्हणून पट्टी लांबच घ्या. या सगळ्यात दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून (तिच्यावरच्या छोट्या दुर्बिणीतून) सूर्याकडे पाहायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही. सावली पुरते.

नुसतं डोळ्यांनी पाहायचं असेल तर एवढं भरपूर झालं. फोटोसाठी किती अचूकता हवी ते आकड्यांत पाहू. अक्ष १ कला चुकला तर तारा डेक्लिनेशनच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण, दिशेने मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरकतो. २०० मिमीची लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल सुमारे ४.१ विकलांचा, २ मिनिटांच्या फोटोत तारा पिक्सेलभरच हलावा असं वाटत असेल तर ८ कलांपर्यंतची चूक चालते. ८०० मिमीला तीच मर्यादा २ कलांवर येते. तिथे रात्री तारे पाहूनच सुधारणा करावी लागते.

ड्रिफ्ट: ध्रुव न पाहता

ड्रिफ्ट म्हणजे मोटर चालू असतानाही ताऱ्याचं हळूहळू सरकणं; त्यावरून अक्ष किती चुकलाय ते कळतं. क्रॉसहेअरचा, म्हणजे मधोमध फुलीच्या बारीक रेषा असलेला, आयपीस लावा, वर्धन १५० पटीच्या आसपास. नळीचं तोंड हलकेच ध्रुवाकडे ढकलून बघा. नवे तारे ज्या कडेने आत येतात ती ध्रुवाची बाजू. ड्रिफ्ट मोजताना पूर्व-पश्चिम सरकणं पूर्ण दुर्लक्षित करा, ते मोटरच्या गतीमुळे होतं. लक्ष फक्त उत्तर-दक्षिण सरकण्याकडे.

आधी दिशा. याम्योत्तर वृत्ताजवळचा, म्हणजे उत्तर-माथा-दक्षिण या कमानीजवळचा, आणि खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा निवडा. तो ध्रुवाच्या उलट दिशेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे जास्त गेलाय, पश्चिमेकडे आणा. ध्रुवाकडे सरकला तर अक्ष पश्चिमेकडे गेलाय. ५ मिनिटांत १३ विकला सरकला तर चूक १० कला, हा अंदाज ठेवा. कमी अक्षांशावर हा तारा माथ्याजवळ असतो, जिथे हवा सगळ्यात पातळ आणि स्थिर. ही दुसरी देणगी.

मग उंची. पूर्वेला २५ ते ३० अंश वर आलेला, विषुववृत्तालगतचा तारा घ्या. तो ध्रुवाच्या उलट दिशेला सरकला तर अक्ष खाली आहे, ध्रुवाकडे सरकला तर वर आहे. पश्चिमेचा तारा घेतला तर अर्थ उलटा. क्षितिजाकडच्या ताऱ्यावर वातावरणाच्या अपवर्तनाचा परिणाम होतो, म्हणून ही पायरी गढूळ होते असं उत्तरेकडच्या निरीक्षकांना वाटतं आणि त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. पण अपवर्तन ताऱ्याला उभ्या दिशेत उचलतं, आणि आपल्याकडे पूर्वेचा तारा जवळपास उभाच चढतो. त्यामुळे अपवर्तनाचा बदल मोटरच्या दिशेत मिसळतो, उत्तर-दक्षिण दिशेत फारच थोडा येतो. मोजणी स्वच्छ राहते. वर दिलेले ध्रुवाच्या भाषेतले नियम दोन्ही गोलार्धांत लागू पडतात.

ध्रुवतारा दिसत असेल आणि पोलरस्कोपने (ध्रुवाक्षातून पाहायच्या छोट्या दुर्बिणीने) जुळवलं असेल तरी अपवर्तन विसरू नका. १० अंश उंचीवर ते ताऱ्याला ५ कला वर दाखवतं, ५ अंशांवर जवळपास १०. तेवढाच अक्ष खऱ्या ध्रुवापेक्षा वर रोखला जातो. ८०० मिमीसाठी हे जास्त आहे. शेवटची सुधारणा ड्रिफ्टनेच करा. कॅमेरा आणि लॅपटॉप असेल तर प्लेट सॉल्व्हिंगवर, म्हणजे फोटोतले तारे ओळखून दिशा काढण्यावर, चालणारी तीन फोटोंची पद्धतही आहे: ध्रुवाक्ष थोडा थोडा फिरवत आकाशाच्या कुठल्याही भागाचे तीन फोटो घ्यायचे, संगणक अक्ष कुठे रोखलाय ते काढून देतो. तिथेही माथ्याजवळचा भाग निवडा.

विषुववृत्ताच्या अगदी लगत आणखी एक खटका राहतो. कंट्रोलरमध्ये गोलार्ध चुकीचा भरला गेला, उणे चिन्ह राहून गेलं, तर मोटर उलटी फिरते. तारा सेकंदाला १५ ऐवजी ३० विकला पळतो, एका मिनिटात चंद्राच्या रुंदीएवढा. असं दिसलं की अक्षाची जुळणी उकलत बसू नका. आधी गोलार्ध तपासा. अक्षाचं जे टोक ध्रुवाकडे रोखलंय, त्याच ध्रुवाचा गोलार्ध तिथे हवा.

फोर्क माउंट (दुर्बीण दोन हातांच्या चिमट्यात धरणारा) आणि पाचर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: या अक्षांशांवर फोर्क जवळजवळ आडवा पडतो आणि सगळं ओझं एका टोकाला टांगतं. पाचरीचा लोखंडी सांगाडा जाड असला तरी तो लवतो. पाहण्यासाठीच दुर्बीण असेल तर फोर्क सरळ उभा ठेवून वापरावा असं आमचं मत.

सगळं जुळल्यावर ट्रायपॉडच्या तिन्ही टोकांखाली जमिनीवर रंगाने खुणा करा, पायांची लांबी दाखवणाऱ्या नळीवर टेपची पट्टी लावा आणि उत्तर-दक्षिण रेषा पुसू नका. पुढच्या वेळी पाय त्याच खुणांवर ठेवले की दिशा जवळपास हाती असते, आणि ड्रिफ्टसाठी माथ्यावरचा एक तारा आणि पूर्वेचा एक, एवढंच बाकी राहतं.